गोणपाटात गुंडाळलेलं यंत्र

मुलांनो, आधी जरा जमिनीवर बसा. पाट नको, सतरंजी नको, थेट फरशीवर. आता वाकून गाल फरशीला टेकवा. गार लागली ना? उभ्या माणसाला जी खोली उबदार वाटते, तिच्यातच खाली जमिनीशी गारवा साचून राहिलेला असतो. आता अशी कल्पना करा की तुम्ही फार लहान आहात, इतके लहान की एखाद्या बाईच्या मुठीत मावाल. अंगावर नुसती पिवळी लव आहे, पिसं अजून यायची आहेत. जन्माला येऊन एकच दिवस झालाय. आई कोण ते माहीत नाही, कारण अंडी उबवणाऱ्या पेटीत तुम्ही बाहेर आलात आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून इथवर पोचलात. तुमच्यासारखी बाराशे पिल्लं एका लांबट पत्र्याच्या शेडमध्ये आहेत. बाहेर थंडी पडली आहे. तुम्हाला ऊब कोण देणार?

ती ऊब देणं हेच एका घराचं काम होतं. घरात चौघं होती. बाबा, आई, बाबांची थोरली बहीण म्हणजे आत्या, आणि नऊ वर्षांची एक मुलगी. ती एका जागी म्हणून ठरत नसे, तेव्हा तिला सगळे भिंगरी म्हणत. एक दिवसाची पिल्लं आणायची, तीन आठवडे जगवायची आणि अंगावर पिसं आली की आसपासच्या गावांना विकायची. थंडीतली पहिली खेप सगळ्यांत मोठी असे. ती जगली की वर्ष निभायचं.

शेडमध्ये शिरलं की प्रत्येकाची तपासणी वेगळी. बाबा भिंतीवरचा तापमापक बघत. आई दारातच थांबून आवाज ऐके. पिल्लं सुखात असली की सगळी मिळून मंद कुजबुजतात, गार पडली की आवाज बारीक आणि टोकदार होतो. आणि भिंगरी आडवी होऊन भुशावर गाल टेकवत असे. तापमापक कधी कधी चुकायचा. गाल चुकत नसे.

आजवर ऊब यायची ती भट्टीतून. जाड लोखंडी पिंप, त्याला दोन्ही बाजूंना कड्या, वर धुराडं. तिचं पोट गंजलं होतं, दार नीट बसत नव्हतं, म्हणून तिला सगळे म्हातारी म्हणत. म्हातारी लाकडं खायची आणि धूर ओकायची. सात वर्षं तिच्यापाशी बसून आईला असा खोकला लागला होता की बोलता बोलता ती भिंत धरायची.

मग सरकारची योजना आली. लाकूड न जाळता ऊब देणारं यंत्र बसवा, निम्मी किंमत सरकार देईल. निम्म्यातलं अर्धं यंत्र बसवताना, उरलेलं तपासणी झाल्यावर. अर्ज आईनेच भरला. आपला वाटा भरायला दुभती गाय विकावी लागली, गोठा रिकामा झाला. योजनेची अट एकच कडक होती. जुनी भट्टी मोडीत काढायची. तपासणीत ती सापडली तर पुढचं अनुदान बंद, आणि दिलेलंही परत. पैसे परत गेले की यंत्र दुकानदार उचलून नेणार.

यंत्र बसवायला फिटर आला तेव्हा भट्टी बाहेर आडवी पाडलेली होती. त्याने तिचा फोटो काढला.

"भंगारवाला कधी येतोय?" त्याने विचारलं.

"येईल उद्या-परवा," बाबा म्हणाले.

भंगारवाला आला नाही. बाबांनी त्याला बोलावलंच नव्हतं. फिटरची गाडी वळणाआड गेल्यावर त्यांनी आणि आत्याने म्हातारीला रिकाम्या गोठ्यामागे नेलं आणि वर जुने पत्रे रचले.

"मी म्हणाले होते द्या म्हणून," आई म्हणाली.

"असू दे गं. ती जागा थोडीच खातेय?"

"सापडली तर आपल्याला खाईल."

बाबांना यंत्राची भीती वाटे. त्यात जाळ दिसत नव्हता. शेडच्या मागे, भिंतीबाहेर, कपाटाएवढी एक पांढरी पेटी उभी होती. पुढे पंखा, मागे पत्र्याच्या बारीक पट्ट्यांची जाळी. आतल्या भिंतींच्या बुडाशी पाइप फिरवले होते आणि त्यांतून गरम पाणी खेळत होतं. विस्तव नाही, राख नाही. ज्यात काहीच जळत नाही ते गरम कसं होतं, हे बाबांनी फिटरला दोनदा विचारलं होतं. फिटरने दोनदा सांगितलं होतं आणि बाबांनी दोन्ही वेळा मान हलवली होती.

पिल्लं आली त्या दुपारी सगळं नीट झालं. आईने एकेकाची चोच पाण्यात बुडवून पिल्लांना प्यायला शिकवलं. भिंगरीने गाल टेकवला आणि हसून वर बघितलं. आई शेडमध्ये दोन तास होती आणि एकदाही खोकली नाही. आत्याने हे मोजलं होतं.

"वहिनी, तुझं यंत्र गुणाचं दिसतंय," ती म्हणाली.

"अजून दृष्ट नका लावू, वन्सं."

दुसऱ्या दिवशी थंडी वाढली. सकाळी नळाच्या तोंडाशी पाणी गोठलेलं होतं. अशा वेळी त्या घराचा कारभार आत्याच्या हाती जाई, कारण गुंडाळण्यात तिचा हात कोणी धरत नसे. नळाला ती चिंध्या गुंडाळी, पाण्याच्या टाकीला पेंढा, पाइपला गोणपाट. गाय होती तेव्हा वासराला पोतं शिवून अंगरखा करी. तिची सुतळीची गाठ सुटत नसे, कापावीच लागे. त्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आधी ती शेडच्या मागे गेली आणि तिने भिंगरीला हाक मारली.

"हे बघ, पोरी. हिची पाठ बघ."

पांढऱ्या पेटीच्या मागच्या जाळीवर बर्फाची पातळ साय धरली होती. पेटी मधेच थरथरायची आणि थांबायची.

"थंडी वाजतेय हिला," आत्या म्हणाली. "आपल्याला ऊब देते आणि स्वतः उघड्यावर उभी आहे बिचारी. जा, गोणपाट आण. मोठे चार."

भिंगरीने गोणपाट आणले. आत्याने पाठ झाकली, दोन्ही बाजू झाकल्या, वरून टोपीसारखं एक घातलं. पंख्याची बाजू तेवढी मोकळी ठेवली.

"नाक मोकळं हवं," ती म्हणाली. "नाहीतर गुदमरेल."

भिंगरीने गाठीवर बोट धरलं आणि आत्याने सुतळी करकचून ओढली.

मुलांनो, मी तिथे असतो तर ओरडलो असतो. हे यंत्र स्वतः ऊब तयार करत नाही. बाहेरची हवा कितीही गार असो, तिच्यात थोडी ऊब उरलेली असते. पाठीमागच्या जाळीतून हवा आत ओढायची, तिच्यातली तेवढी ऊब काढून घ्यायची आणि उरलेली गार हवा पंख्यातून पुढे टाकायची, असं त्याचं काम. आत्याने ज्याला नाक समजलं ते तोंड होतं. नाक तिने जाड गोणपाटाने बंद करून टाकलं होतं. पण हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. ज्याला जपायचं ते गुंडाळायचं, इतकंच आत्याला आयुष्यभर ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी तपासणी होती. दहा वाजता योजनेच्या तपासणीस मॅडम येणार, असं पत्र आलं होतं.

पहाटे आईला जाग आली ती आवाजाने. तिने शाल ओढली आणि शेडकडे पळाली. मागोमाग सगळी. आत शिरताच भिंगरीला कळलं. गाल टेकवायची गरजच नव्हती. पाइप हाताला दगडासारखे लागत होते. पिल्लं कोपऱ्यांत ढीग करून एकमेकांवर चढत होती. वरची खाली घुसायला बघत होती आणि खालची दबत होती. आई गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी ढीग उसकटत होती, आणि हात काढला की ढीग पुन्हा जमत होता.

यंत्राच्या भिंतीवरच्या छोट्या डबीत एक आकडा लुकलुकत होता. बाबांनी तिथली तिन्ही बटणं दाबली. आकडा तसाच. मग ते मागे धावले. पेटी गप्प उभी होती. गोणपाटांच्या कडेने बर्फ बाहेर आला होता.

"बरं झालं तू गुंडाळलंस, ताई," ते म्हणाले. "नाहीतर केव्हाच बंद पडली असती." आणि त्यांनी घरातून स्वतःची गोधडी आणून वरून टाकली.

चौथ्यांदा लावल्यावर फिटरने फोन उचलला. "दुपारच्या आत नाही जमणार. सगळीकडे थंडी आहे, दादा. मॅडम येतायत ना दहाला? त्या बघतील की."

बाबांनी फोन खिशात घातला.

"म्हातारीला आणा," आई म्हणाली.

"आणि दहाला मॅडम आल्या की?"

"दहाला येतील. आत्ता सहा वाजलेत."

"तूच म्हणत होतीस ना, भंगारात घाला?"

"म्हणत होते. तुम्ही घातली नाहीत. आता निदान तिच्याकडून काम तरी करून घ्या."

कड्यांत दोन बांबू घालून बाबांनी आणि आत्याने भट्टी आणली. धुराडं बसवलं, फटीत ओली माती थापली. लाकडं दमट होती. आधी धूर झाला, आई खोकत बाहेर गेली आणि तशीच परत आली. मग जाळ धरला. पिंपाचं पोट हळूहळू लालसर झालं. आठ वाजेपर्यंत ढीग विरघळायला लागले. पिल्लं पांगली, दाण्यापाशी गेली. कोपऱ्यात एकवीस उरली, ती उठली नाहीत. आत्याने ती ओच्यात घेतली आणि कोणाला न दाखवता बाहेर नेली.

साडेनऊला फोन वाजला. बाबांनी ऐकलं, "हो मॅडम" म्हणाले, आणि फोन ठेवताना त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"तिठ्यावर पोचल्यात. वीस मिनिटं."

"जाळ अजून आहे आत," आत्या म्हणाली.

"असू दे. उचल."

पेटती भट्टी उचलणं म्हणजे काय, हे सांगून कळायचं नाही. बाबा पुढे, आत्या मागे. बांबू करकरत होते. आई धुराडं फडक्यात धरून बाजूने चालत होती. दाराच्या उंबऱ्यावर आत्याचा पाय अडखळला, भट्टी कलली, आणि ती पडू नये म्हणून बाबांनी उजवा तळहात तिच्या पोटाला लावला. ते ओरडले नाहीत. नुसता श्वास आत ओढल्यासारखा आवाज आला. त्यांनी तशीच ती गोठ्यामागे नेली, पत्रे रचले. मग हात पाण्यात घातला. आईने त्याला ओलं फडकं बांधलं आणि बाबांनी तो हात कोटाच्या खिशात लपवला.

"वास!" आत्या म्हणाली. "आत नुसता धूर कोंडलाय."

म्हणून त्यांनी शेडच्या झडपा उघडल्या. तीन तास लाकडं जाळून जमवलेली ऊब भिंगरीच्या डोळ्यांदेखत बाहेर गेली. तिला ती पायांवरून जाताना कळली.

बाबा तिच्यासमोर वाकले. "मॅडमसमोर तू तोंड उघडायचं नाही. काही विचारलं तरी नाही. कळलं?"

भिंगरीने मान डोलावली. बाबांना असं घाबरलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांच्या भीतीची तिला भीती वाटत होती.

मॅडम स्कूटरवरून आल्या. मफलर नाकापर्यंत, डोळे पाणावलेले. उतरताच सलग चार वेळा शिंकल्या.

"माफ करा हं. चार दिवस नाक बंद आहे. जेवताना मीठ आहे की साखर तेही कळत नाही."

आत्याने उघड्या झडपांकडे बघितलं, मग बाबांकडे. झडपा लावायला आई आधीच पळाली होती.

मॅडमनी आत येऊन पाइपला हात लावला. डबीतला आकडा बघितला. "हे तर बंद आहे. कधीपासून?"

"पहाटेपासून," बाबा म्हणाले.

त्या मागच्या बाजूला गेल्या आणि थबकल्या. त्यांना आधी हसू आलं. मग आत्याचा चेहरा दिसला आणि त्यांनी ते आवरलं.

"हे कोणी बांधलं?"

"मी," आत्या म्हणाली. "थंडी वाजत होती तिला."

मॅडमनी तिला सगळं समजावून सांगितलं. आवाज चढवला नाही, पण एकही शब्द वगळला नाही. पाठीमागून हवा घेते, पुढून सोडते, ती वाटच तुम्ही बुजवलीत. आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत राहिली. तिची गाठ सुटेना, तेव्हा विळा आणावा लागला. सगळ्यांत वर बाबांची गोधडी होती. आत्याने तिच्याकडे बघितलं, मग भावाकडे. बाबा जमिनीकडे बघत होते. आत्याने गोधडीची घडी घातली आणि काखेत मारली.

गोणपाट निघाले. पाठीवर चार बोटं जाडीचा बर्फ होता.

"ठोकू नका, जाळी वाकेल. कोमट पाणी हळूहळू सोडा. बर्फ वितळला की मी चालू करून देते. पण पाइप तापून आत पुरती ऊब यायला तीन तास तरी धरा." त्यांनी पिशवीतून कागद अडकवलेली पाटी काढली, पेनाचं टोपण दातांनी उघडलं. "तोवर पिल्लांचं काय? ऊब द्यायला दुसरी काही सोय आहे?"

हाच प्रश्न त्यांच्या कागदावरही होता. भिंगरीला उलट्या बाजूने तो वाचता आला.

"नाही," बाबा म्हणाले.

मॅडमनी खूण केली. पेन कागदावर फिरल्याचा बारीक आवाज झाला.

आत पुन्हा तोच टोकदार आवाज सुरू झाला होता. आईने पाणी तापवून बाटल्या भरल्या, त्यांना फडकी गुंडाळली आणि भुशात ठेवल्या. घरात बाटल्या होत्या सहा. एकेका बाटलीभोवती साठ-सत्तर पिल्लं गोळा झाली, बाकीची त्यांच्यावर चढायला लागली. आत्या बादल्या घेऊन मागे-पुढे करत होती. बाबा डाव्या हाताने ढीग पांगवत होते, उजवा खिशातच. मॅडमसुद्धा गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी एक पिल्लू ओंजळीत घेऊन त्याच्यावर तोंडाची वाफ सोडली.

"अशी किती वेळ तग धरतात हो ही?" त्यांनी विचारलं.

आईने बाबांकडे बघितलं. बाबांनी अगदी थोडी मान हलवली. नको. आईने तोंड उघडलं होतं, ते तिने मिटलं आणि ती खोकायला लागली. खोकला थांबेना, तेव्हा तिने भिंतीला हात टेकला.

भिंगरी आडवी झाली आणि तिने भुशावर गाल टेकवला. भुसा ओलसर, गार होता. तिच्या डोळ्यांसमोर बोटभर अंतरावर एक पिल्लू बसलं होतं. ते आवाज करत नव्हतं. त्याच्या डोळ्यांवर खालून पातळ पापणी चढली, उतरली, पुन्हा चढली आणि तशीच राहिली. भिंगरीने त्याला बोटाने हलवलं. ते आडवं झालं.

पैसे परत करावे लागतील. यंत्र जाईल. पुन्हा धूर येईल आणि आईचा खोकला जाणार नाही. गाय तर कधीच गेली. हे सगळं तिला माहीत होतं, कारण घरात महिनाभर दुसरं बोलणंच नव्हतं. बाबांनी तिला काय बजावलं होतं तेही आठवत होतं.

ती उठली आणि बाहेर गेली. गोठ्यामागे रचलेल्या पत्र्यांतल्या वरच्या पत्र्यावर दहिवर नव्हतं, तो कोरडा झाला होता. तिने तो ओढला. पत्रा दगडांवर आपटला, आणि त्याचा खणखणाट शेडमध्ये, घरात, रस्त्यापर्यंत गेला. दुसरा पत्रा पडला. तिसरा पडला. म्हातारीच्या फटीतून आतला निखारा अजून लाल दिसत होता. भिंगरीने कड्यांत एक बांबू सरकवला, मग दुसरा. तिने दोन्ही टोकं धरून जोर लावला, पण भट्टी हलली नाही.

मागे पावलं वाजली. सगळी कोपऱ्यावर येऊन उभी होती. बाबांचा भाजलेला हात खिशातून बाहेर आला होता आणि फडक्यातून पाणी गळत होतं. मॅडमच्या हातात कागदांची पाटी होती.

भिंगरीने बांबू सोडले नाहीत.

"बाबांना उचलता यायचं नाही, त्यांचा हात भाजलाय," ती म्हणाली. "आत्या, तू मागून धर. मॅडम, तुम्ही माझ्या बाजूला या. पोटाला हात लावू नका, फार तापलंय."